खोलीला विसरायला शिकवणारे टाळीसाहेब

टाळीसाहेब कोणाच्याही घरात शिरले, की नमस्काराच्या आधी टाळी वाजवत. एकच, पण खणखणीत. मग मान जराशी कलती करून छताकडे बघत उभे राहत आणि शेजारी जो कोणी असेल त्याला विचारत, "कधी थांबला?" म्हणजे टाळीचा आवाज. सवय नसलेला माणूस पार गोंधळून जायचा. एकदा आमच्या ओळीतल्या एका घरी मुलगी बघायचा कार्यक्रम होता आणि मुलाकडच्यांनी ह्यांना वडीलधारं माणूस म्हणून सोबत नेलं. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आत आली आणि ह्यांनी दिली टाळी! पोरगी जागच्या जागी थिजली. मुलाच्या मावशीला वाटलं, साहेबांना मुलगी पसंत पडली. तिनं आपल्याही दोन टाळ्या वाजवून घेतल्या. लग्न जमलं, संसारही छान झाला. टाळीसाहेबांना मात्र त्या मुलीचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. "बैठकीची खोली चांगली होती हो," एवढंच सांगायचे. "खाली जाड सतरंजी, भिंतीला पुस्तकं. तिथं माणसं हळू बोलतील."

आमची टाउनशिप भोपाळात, गोविंदपुऱ्याच्या अंगाला. घरोघरची माणसं कारखान्यात कामाला. टाळीसाहेब कारखान्याच्या सिव्हिल विभागात होते. क्वार्टरची गळती, भिंतीचे तडे, शाळेचे दरवाजे, सगळं त्यांच्याकडे. मूळचे अमरावतीकडचे. मजूर त्यांना "ताली साब" म्हणायचे, त्याचं आम्ही मराठी मंडळींनी टाळीसाहेब केलं आणि मग त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकापुरतंच उरलं. त्यांना त्याचा राग नव्हता. देवळात गेले की खूश असायचे. आरतीला सगळेच टाळ्या वाजवतात, त्यात हे आपली टाळी वाजवून घुमट तपासून घ्यायचे. "इथं मला कोणी वेडा म्हणत नाही," असं म्हणून प्रसादाला हात पुढे करायचे.

खिशात एक छोटी वही असे. तिच्यात माणसांची नावं नव्हती, खोल्यांची होती. पुढे एकेका शब्दात स्वभाव. दवाखान्यातली बाहेरची खोली: "घाबरट." अधिकाऱ्यांची मीटिंगची खोली: "भांडखोर." आमच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर त्यांनी "चहाडखोर" म्हणून लिहिलं होतं, कारण तिथं सासूबाई पुटपुटल्या की बाहेर बरामद्यात बसलेल्या पाहुण्याला स्वच्छ ऐकू जायचं. सासूबाईंना हे कळल्यावर त्या आठ दिवस टाळीसाहेबांशी बोलल्या नाहीत आणि पुटपुटणंही बंद झालं. ह्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

पण माझं खरं ऋण वेगळं आहे, आणि ते सांगायचं तर आधी माझं एक गुपित सांगावं लागेल. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी नागपुरात कान फुटला, तेव्हापासून. आईनं बजावून ठेवलं होतं, लग्न ठरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न झालं, तरी मी काढला नाही. आठव्या दिवशी ह्यांनीच, म्हणजे माझ्या यजमानांनी, ओळखलं, कारण रस्त्यानं चालताना मी सारखी ह्यांच्या डाव्या बाजूला यायला धडपडायची. हे कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरीला, प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणारे. त्यांच्या नजरेतून काय सुटतंय! त्या दिवसापासून हे स्वतःच माझ्या उजवीकडून चालायला लागले. सासूबाईंना मात्र पत्ता नव्हता.

अशी मी, टाउनशिपच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले. तिसरी ब. शिकवणं हिंदीतून, मुलं पन्नास, इमारत नवीकोरी. सगळे म्हणायचे, केवढं नशीब! खाली मोझेक, वर काँक्रीटचं छत, खिडक्यांना काचा, भिंतींना गुळगुळीत ऑइलपेंट. आणि त्या खोलीत मला एक अक्षर धड कळेना. मी प्रश्न विचारला की उत्तराच्या जागी नुसता गोंगाट अंगावर यायचा. मुलं ओरडायची, त्यांच्यावर मी ओरडायची, माझ्यावर पुन्हा मुलं. घरी येईपर्यंत घसा बसलेला. शेवटच्या बाकावर खिडकीशी नफीसा नावाची एक किरकोळ मुलगी बसायची. तिला काहीही विचारलं तरी ओठ हलल्यासारखे व्हायचे, आवाज काही यायचा नाही. मी तिला रोज उभं करायची. "घर से पढ़कर आया करो," म्हणायची. रोज.

माझी नोकरी एक वर्षाच्या बोलीवर होती. सासूबाईंनीही तेवढंच वर्ष दिलं होतं: "कायम झालीस तर झालीस, नाही तर मुकाट्यानं घर सांभाळ." त्या वाईट नव्हत्या, पण आमच्या घरातली कुठलीच सून त्याआधी नोकरीला गेली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या मुख्याध्यापिकेनं, म्हणजे बड़ी बहनजींनी, मला कागद दिला. त्यात लिहिलं होतं की वर्गावर माझं नियंत्रण नाही. जानेवारीत कमिटी येऊन मागच्या बाकावर बसेल आणि मला कायम करायचं की नाही ते ठरवेल. बड़ी बहनजी जाता जाता म्हणाल्या, "देखो बेटा, सब लोग टीचर बनने के लिए नहीं होते." मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मला शिकवायचं होतं हो! आयुष्यात दुसरं काही करायचंच नव्हतं.

त्याच आठवड्यात टाळीसाहेब खिडकीवरचा तडा बघायला वर्गात आले. मधली सुट्टी होती. मुलं बाहेर, मी एकटी वह्या तपासत होते. त्यांनी तडा बघितला, नखानं खरवडला आणि मग टाळी वाजवली. स्टीलचं ताट हातातून निसटून गरगरत राहावं, तसा तो आवाज त्या खोलीत फिरत राहिला.

"कधी थांबला?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, कमिटीनंच पाठवलंय ह्यांना माझे कान तपासायला. मी ठोकून दिलं, "लगेच थांबला."

टाळीसाहेब खुर्ची ओढून माझ्या उजव्या बाजूला बसले. "बाई, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून ऐकता."

"कोणाला सांगू नका," एवढंच म्हणाले मी.

"मी सांगून काय करू? आणि दोष कानाचा नाही, खोलीचा आहे. ह्या खोलीला विसरता येत नाही. एक मुलगा बोलला की त्याचं बोलणं ती धरून ठेवते. दुसरा बोलला की त्याचंही. मग पन्नासांचं सगळं एकदम तुमच्या अंगावर टाकते. धडधाकट दोन कानांचा माणूससुद्धा इथं बहिरा होईल. हिला विसरायला शिकवायला पाहिजे."

इतके महिने मी स्वतःला मठ्ठ, नालायक, जन्माची फसवी बाई समजत होते, आणि हा माणूस तडा बघायला येऊन सांगत होता की दोष भिंतींचा आहे. मला इतका राग आला त्या भिंतींचा, की काय सांगू! आणि इतकं हलकं वाटलं, की वह्या तपासायच्या सोडून मी डब्यातला उरलेला चिवडा त्यांच्यापुढे ठेवला.

आता, दुरुस्तीच्या अर्जात रकाने असत: गळती, तडे, वीज, रंग, दारं-खिडक्या. आवाज नावाचा रकाना नव्हता. जो रकाना नाही तो त्रासही नाही, असा हिशेब. टाळीसाहेबांनी डोकं खाजवलं आणि अर्ज केला: "तिसरी ब करिता सूचनाफलक, एक." माप मात्र आख्ख्या मागच्या भिंतीचं टाकलं. हेडक्लार्कनं विचारलं, एवढा मोठा फलक कशाला? टाळीसाहेब शांतपणे म्हणाले, "तिसरीतल्या मुलांची चित्रं फार मोठी असतात." अर्ज मंजूर झाला.

कारखान्यात यंत्रं यायची त्या खोक्यांच्या फळ्यांपासून सुताराकडून चौकटी करून घेतल्या. आमच्या टाउनशिपमध्ये निम्म्या घरांचे पाट, स्टुलं, देव्हारे त्याच फळ्यांचे. त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. गोणपाट करोंदच्या मंडीतून आणलं, धान्याचा वास असलेलं. आत भरायला जुन्या गाद्यांचा कापूस. वर छतालाही काहीतरी हवं, असं टाळीसाहेबांचं म्हणणं पडलं. आडव्या तारा बांधून त्यांवर गोधड्या पसरायच्या. गोधड्या कुठून आणायच्या? मराठी घरांतून. मी दारोदार फिरले. "वर्गात थंडी फार वाजते," असं सांगत फिरले, खोटं कशाला बोलू. सासूबाई हे सगळं बघत होत्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी पेटीतून आपल्या आईच्या हातची, जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "तुझी थंडी काय आहे ते मला कळलंय," म्हणाल्या. "चहाडखोर स्वयंपाकघर दोन्हीकडून ऐकतं, बरामद्यातलं तुमचं बोलणं मला आत येतं. फाडू नका म्हणजे झालं." मी त्यांच्या पाया पडले. त्यांना ते आवडलं नाही, पण पडले.

रविवारी टाळीसाहेब, हे आणि मी, तिघांनी मिळून सगळं लावलं. संध्याकाळी टाळी वाजली. "कधी थांबला?" "लगेच!" मी म्हटलं, आणि ह्या वेळी ते खरं होतं. ताट गरगरलंच नाही. टाळीसाहेब लहान मुलासारखे हसले. कमिटी मंगळवारी येणार होती.

सोमवारी सकाळी कडाक्याची थंडी पडली. भोपाळची जानेवारीची थंडी! पन्नास मुलं आली ती घट्ट विणीचे स्वेटर, आत दुसरा स्वेटर, मंकी कॅप, मोजे, काहींच्या अंगावर आजीच्या शाली. मी बोलायला लागले आणि माझा आवाज टेबलाच्या पुढे जाईना. उशीत तोंड खुपसून बोलतेय की काय असं वाटायला लागलं. मागचे बाक "क्या बोला, बहनजी?" करायला लागले. गोंगाट गेला होता, पण त्याच्यासोबत मीही गेले होते. मधल्या सुट्टीत मी शिपायाला सिव्हिलमध्ये पिटाळलं. टाळीसाहेब सायकल हाणत आले, दारात उभे राहिले, वर्गाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मी मुलं मोजली होती, बाई," ते म्हणाले. "स्वेटर मोजले नाहीत."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पुन्हा कामाला लागलो. ते म्हणाले, लोकरही आवाज पिते, त्यात छत झाकलं हीच चूक. शिक्षिकेचा आवाज छतावरूनच मागच्या बाकापर्यंत जातो. मागची भिंत तशीच ठेवायची, वरच्या गोधड्या एकेक करून काढायच्या. स्वेटरवाली मुलं हवी म्हणून मी शेजारच्या गल्लीतली पोरं खेळातून उचलून आणली आणि बाकांवर बसवली. एक गोधडी काढायची, टाळी वाजवायची, "कधी थांबला?" विचारायचं. मी प्रत्येक वेळी घाबरत उत्तर द्यायची. शेवटी मला राहवेना. "तुम्हीच ठरवा ना! माझा एकच कान आहे. मी चुकले तर उद्या माझी नोकरी जाईल."

ते स्टुलावरून खाली उतरले. "बाई, मला तर तोही नाही." तरुणपणी कारखान्यात घणांच्या शेडमध्ये होते ते. तिथं दोन्ही कान हळूहळू गेले, म्हणून तर सिव्हिलमध्ये बदली मागून घेतली. टाळीचा पहिला ठोका त्यांना हातात कळायचा. पुढचा, विरत जाणारा आवाज त्यांना कित्येक वर्षांत ऐकू आलाच नव्हता. "तुम्हाला काय वाटलं, मी विद्वान म्हणून लोकांना विचारत फिरतो? मला येत नाही म्हणून विचारतो. लोक सांगतात आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. म्हणून तर तुम्हाला ओळखलं पहिल्याच दिवशी." मग हसून म्हणाले, "आता घाबरू नका. तुमचा एक कान आणि माझा अनुभव. एका खोलीला पुष्कळ झालं."

आम्ही सगळ्या गोधड्या उतरवल्या, मधल्या दोन सोडून. कुठल्या दोन ठेवायच्या, हे मी ठरवलं.

मंगळवारी कमिटी मागच्या बाकाशेजारी खुर्च्या टाकून बसली. तीन जण, आणि बड़ी बहनजी. मी पाढे घेतले. माझा आवाज मला वेगळाच वाटत होता. मी ओरडत नव्हते आणि तरी तो पार शेवटपर्यंत पोचत होता. मुलंही आपोआप हळू बोलायला लागली होती. मी विचारलं, "आठ अट्ठे?" आणि कोणी हात वर करायच्या आत खिडकीकडून एक बारीक, स्पष्ट आवाज आला.

"चौंसठ."

नफीसा होती. तिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. मी कमिटी विसरले, बाकांमधून चालत तिच्याकडे गेले. "शाबाश! आज याद करके आई?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "मैं तो रोज़ बताती हूँ, बहनजी."

रोज सांगायची. आणि मी तिला रोज उभं करायची. माझे डोळे भरून आले, कमिटीसमोर, सगळ्या वर्गासमोर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "ग़लती मेरी थी, बेटा." बड़ी बहनजींनी घसा खाकरला. मला वाटलं, संपलं सगळं. पण कागद आला तो कायम केल्याचा. खाली एक शेरा होता: वर्गावर नियंत्रण समाधानकारक, सूचनाफलक आकाराने जास्त मोठा. टाळीसाहेबांना तो शेरा इतका आवडला, की त्यांनी तो वहीत उतरवून घेतला. आणि तिसरी ब च्या पुढे पूर्वी लिहिलेला "हट्टी" हा शब्द खोडून "समजूतदार" लिहिलं.

मी त्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं. हेडमिस्ट्रेस झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या सगळ्या मागच्या भिंतींसाठी "सूचनाफलक" मागवले. नवीन शिक्षिकेच्या वर्गात गोंगाट आहे अशी तक्रार आली, की मी आधी तिच्या वर्गात जाऊन टाळी वाजवायची. आणि कुठलंही मूल उत्तर देत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याच्या बाकाशेजारी जाऊन बसायची. मी चांगली शिक्षिका होते, असं लोक म्हणतात. असेन. पण मला तशी होऊ दिली ती टाळीसाहेबांनी. हे त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. आपल्याकडे तशी पद्धत नाही, आणि पद्धत असती तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

त्यांच्या शेवटच्या दोन भेटी शाहपुऱ्यात झाल्या, मुलाच्या फ्लॅटवर. कान आता पूर्ण गेले होते. त्यांच्या पत्नी वारल्या होत्या. फ्लॅट देखणा होता: संगमरवर, काचेची टेबलं, उंच छत, पडदा नावाची चीज नाही. सूनबाई गोड होती. चहा देताना स्वयंपाकघरातून मोठ्यानं काहीतरी विचारत होती आणि नवरा आतून मोठ्यानं उत्तर देत होता. भांडत नव्हते, साखरेचा डबा शोधत होते. त्यांची चार वर्षांची मुलगी आजोबांच्या खुर्चीमागे लपून बसली होती.

टाळीसाहेबांनी मला बघितलं, उठून उभे राहिले आणि सवयीनं टाळी वाजवली. मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कधी थांबला?"

तो आवाज त्या दिवाणखान्यात गरगर फिरत होता. माझ्या जिवावर आलं. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या मुलाच्या घराबद्दल काय सांगायचं? मी हसून, नीट ओठ हलवून म्हटलं, "लगेच थांबला."

ते पोट धरून हसले. "बाई, पहिल्या दिवशीही तुम्ही हेच खोटं बोलला होतात." मग नातीला खुर्चीमागून ओढून मांडीवर घेतलं. "मला काय, मला आता सगळीकडे शांतच आहे. पण हिचं तोंड बघतो मी. हिला वाटतं, ह्या घरात सगळे रागावलेत."

पुढच्या रविवारी मी सासूबाईंच्या आईची ती लुगड्यांची गोधडी घेऊन गेले. सूनबाईला समजावून सांगितलं. बिचारीनं स्वतः स्टूल आणलं. मागच्या भिंतीवर, सोफ्याच्या वर, आम्ही ती लावली. खालीही एक जाड सतरंजी टाकली. सूनबाई साध्या आवाजात म्हणाली, "छान दिसतेय हो," आणि नात खुर्चीमागून आपणहून बाहेर आली.

टाळीसाहेबांनी आता टाळी वाजवली नाही. मलाच खूण केली. मी वाजवली. ते माझ्या हातांकडे नाही, तोंडाकडे बघत होते.

"कधी थांबला?"

"आत्ता."

"खरं?"

"खरं," मी म्हटलं. "ह्या वेळी अगदी खरं, साहेब."

त्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि विचार करत बसले. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. ते वारल्यावर सूनबाईनं वही माझ्याकडे आणून दिली. शेवटच्या पानावर मुलाच्या घराचा पत्ता होता, पुढे लिहिलं होतं, "मायाळू." आणि त्याखाली, एवढ्या वर्षांत त्या वहीत पहिल्यांदाच, खोलीचं नाही तर माणसाचं नाव होतं. माझं. पुढे लिहिलं होतं, "चांगलं ऐकतात."